आजचं झालेलं सांग

ताई, आज तुझा लॉकर मी रिकामा केला. सुपरवायझरने सकाळीच विचारलं होतं, "यू वाँट टू डू इट, ऑर शुड आय आस्क समवन एल्स?" मी म्हटलं, मीच करते. दुसऱ्या कुणी तुझ्या बुटांना हात लावलेला मला चालला नसता. आत काय काय निघालं ते सांगते. तुझे कामाचे बूट, डाव्या बाजूने झिजलेले. चष्मा पुसायचा तो जांभळा रुमाल. जेवणाच्या खोलीत एसीला शिव्या देत पांघरायचीस ती हिरवी शाल. आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, तळाला थोडी चटणी शिल्लक. एवढ्या वर्षांच्या नोकरीचं एवढंच सामान. मला वाटलं होतं, रडू येईल. बरणी उघडून वास घेतला आणि मला भूक लागली. तुला हे आवडेल म्हणून सांगते.

सामान तुझ्या घरी नेऊन द्यायचं होतं, आणि तिथंच माझा पाय अडत होता. तुझे अंत्यसंस्कार झाले तेव्हाही मी मागच्या रांगेत उभी राहिले, आणि दाजींच्या, तुझ्या नवऱ्याच्या, नजरेला नजर न देता निघून आले. का, ते तुला ठाऊक आहे. तिथं येतेच. पण आधी मला गुलाल आठवू दे.

आपला हा अमेरिकेतल्या चँडलरचा कारखाना, जिथं चिप बनतात, तिथं धुळीचा एक कणसुद्धा शत्रू. आत जायचं तर पावडर नाही, काजळ नाही, कुंकू नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, उघडे फक्त डोळे. हे सगळं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं आणि परीक्षेत मी पैकीच्या पैकी मिळवले होते. तरीही, नवी नवी असताना, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर आले ती कानात गुलाल घेऊन. आदल्या दिवशी देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये भर उन्हात ढोल वाजवला होता. रात्री डोकं धुतलं, सकाळी पुन्हा धुतलं. कान राहिले.

सूट घालायच्या खोलीत तू मला हाताने अडवलंस. तोवर मी तुला फक्त लांबून पाहिलं होतं. सगळ्यांत जुनी इंजिनीअर, व्हॅक्यूमच्या टूल्सवर, म्हणजे आतली हवा काढून चालवायच्या यंत्रांवर, काम करणारी, कुणाशी फार न बोलणारी.

"थांब. इकडं ये. कान दाखव."

"गुलाल आहे, मॅडम. काल विसर्जन होतं."

"गणपती गेले ना काल? मग काहून त्यायले आत नेऊन राहिली?"

मागे उभे असलेले दोन अमेरिकन पोरगे आपले सूट चढवत होते. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण माझं तोंड बघून ते हसले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तू ओल्या पुसण्यांचा गठ्ठा घेतलास, मला बाकावर बसवलंस आणि आईने पुसावेत तसे माझे कान पुसलेस. पुसणं लाल होत गेलं तसतशी तू आणखी हसत गेलीस. मग सुपरवायझरला सांगितलंस, "शी इज विथ मी टुडे. वुई आर डूइंग मॅन्युअल्स." त्या दिवशी आत जायचं नाही म्हटल्यावर दिवसभर बाहेर बसवून तू मला एका जुन्या पंपाचं पोट उघडून दाखवलंस.

पाळी संपली. सगळे सूट काढत होते. तू माझ्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "हं. आजचं झालेलं सांग."

"काय झालेलं, मॅडम? काहीच नाही झालं. दिवस वाया गेला माझा."

"मॅडम कोणाले म्हणते? ताई म्हण. आणि काही झालं नाही कसं? कान धुतले ना?"

"धुतले."

"नीट धुतले?"

"नीट."

"मग झालं. चल घरी."

बाहेरच्या लोकांना सांगावं लागेल, म्हणून सांगते. आपल्याकडे पाळी बदलताना पासडाउन असतं. जाणारे लोक येणाऱ्यांना सांगतात की कुठलं टूल बंद आहे, काय अर्धवट राहिलंय, काय बिघडायच्या बेतात आहे. म्हणजे सगळं न झालेलंच. बारा तास राबायचं आणि शेवटी न झालेल्याचा पाढा म्हणून गाडीत बसायचं. तू म्हणायचीस, हे पासडाउन कारखान्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही. आपलं वेगळं असतं, ते सूट काढताना करायचं. एकच गोष्ट सांगायची. ती आज झालेली पाहिजे, आपल्या हातची पाहिजे आणि पूर्ण पाहिजे. "जवळजवळ झालं" असं म्हटलं की तू तळहात आडवा धरायचीस. "जवळजवळ चालत नाही. लहान सांग, पण पूर्ण सांग." कधी मी म्हणायचे, एक वायर बदलली. कधी म्हणायचे, एका मेलला उत्तर दिलं, ज्याला आठवडाभर टाळत होते. एकदा अगदीच काही नव्हतं तेव्हा म्हटलं, डबा पूर्ण संपवला. तू म्हणालीस, "चालते. भाजी कारल्याची होती, मी पाहिली."

यावर आपण भांडलो किती! मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर, काकाही यंत्रमागावर. आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते. आमच्या गल्लीत दिवस घड्याळावर चालायचा नाही, पाळीवर चालायचा. दिवसपाळी, रातपाळी. मी शिकले ते त्यातून बाहेर पडायला. आणि समुद्र ओलांडून, एमएस करून, बघते तर काय? पाळी! त्यावरून मी चिडले की तू मुद्दाम मीठ चोळायचीस.

"डिग्री फ्रेम करून भिंतीवर लावली ना? आता तिला भिंतीवरच राहू दे. तू खाली ये, पंप काढायचा आहे."

"मी डिग्री पंप काढायला घेतली नाही, ताई."

"मग काय, खुर्ची गरम कराले घेतली?"

मी तुला सरळ सांगितलं होतं, तुझं हे 'झालेलं एक' म्हणजे आपल्यासारख्यांची समजूत काढणं आहे. माणूस एका स्क्रूवर खूश राहिला तर कंपनीला बरंच आहे. माझे वडील आयुष्यभर रोज कापड पूर्ण करत होते, त्यांना कुणी विचारलं नाही की तुमचं मन भरलं का. तू चटणीची बरणी उघडायला लागलीस. मला वाटलं, जिंकले. मग चटणी माझ्या डब्यात वाढत म्हणालीस, "कुणी विचारलं नाही ना? तेच तर म्हणून राहिली मी. कुणीतरी विचारायले पाहिजे."

ती चटणी मी खाल्ली. पण ताई, मी हार मानलेली नाही. अजूनही मला वाटतं की तू अर्धीच बरोबर होतीस. एखाद्या झालेल्या गोष्टीने दिवस भरतो, आयुष्य भरायला आणखी काही लागतं. ते काय, हे आपण पुढच्या जेवणाच्या सुट्टीत ठरवणार होतो. पण ती सुट्टी काही आली नाही. वडिलांना कुणी विचारलं नाही, त्याचं मात्र मी एक केलं. वडिलांना फोनवर विचारलं, "दादा, मागावर असताना कधी बरं वाटायचं?" आधी त्यांनी इथं ऊन किती आहे ते विचारलं. मग म्हणाले, "ताणा तुटला की सांधायचो बघ. सांधलेला कुठं हाय ते मलाबी दिसायचं नाही मग. तवा लई ब्येस वाटायचं." हे मला तुला सांगायचं होतं. सांगेपर्यंत तू फोनवर येईनाशी झाली होतीस.

आजारपण सांगितलंस तेही सूट काढतानाच. एक पाय सुटात, एक बाहेर. "आजचं झालेलं: डॉक्टरनं नाव सांगितलं. म्हणजे गळती सापडली." तू आयुष्यभर गळत्या शोधल्यास. व्हॅक्यूमच्या टूलमध्ये कुठून तरी हवा शिरते, आणि तू हीलियमची नळी सांध्यासांध्यावर फिरवत बसायचीस, हीलियम आत शिरून स्क्रीनवरचा आकडा उडी मारेपर्यंत. सापडलेली प्रत्येक गळती बंद करता येते असं नसतं, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. तू बूट काढलास, मी माझा काढला. मग तूच म्हणालीस, "तू सांग आता. तुझं काय झालं आज?"

तुझ्या कामाच्या पाळ्या कमी झाल्या, पण तू येत राहिलीस. ज्या आठवड्यात औषधं, त्या आठवड्यात घरी. बाकी दिवस इथं. केस गेले तर म्हणालीस, "हूड घालायले सोपं झालं." मी म्हटलं, "ताई, इथं त्रास होत नाही?" तर म्हणालीस, "दवाखान्यापेक्षा इथली हवा स्वच्छ आहे, बापा." आणि मग हसू बाजूला ठेवून म्हणालीस, "हे बघ. तिकडं सगळे माझ्याकडं पाहतात. इथं सूट घातला की मी आजारी दिसत नाही. नुसते डोळे. सगळे सारखेच."

तुला गाडी चालवता येईना तेव्हा मी तुला कामावर न्यायला लागले. आणि इथून ती दाजींची गोष्ट सुरू होते.

तुझी ईशा बेलव्ह्यूहून आली होती त्या रविवारची गोष्ट. तुझी मुलगी ती, तिकडे सॉफ्टवेअरमध्ये, आणि तुझ्याइतकीच हट्टी. जेवताना तिने विषय काढला. "मॉम, जस्ट स्टॉप. प्लीज. यू डोन्ट ओ देम एनीथिंग." तू म्हणालीस, "आधी पोळी खा." मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, तू सांग ना तिला. शी लिसन्स टू यू."

मी ईशाकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. तू माझ्याकडे पाहत नव्हतीस, मुद्दामच वरणात लिंबू पिळत होतीस. मी म्हटलं, "जाऊ दे गं तिला कामावर. तिला जायचंय."

ईशा ताट उचलून आत गेली. दाजी उठले आणि मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाला पाणी घालायला गेले. भर दुपारी, चँडलरच्या उन्हात, पाणी! तू मला "दाजी म्हणजे काय गं, आमच्याकडं भाऊजी म्हणतात" म्हणून चिडवायचीस, ते माझे दाजी. एरवी मला पाहिलं की "या इचलकरंजी" म्हणणारे. त्या दिवसानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. रोज संध्याकाळी मी तुला घेऊन यायचे. ते गॅरेजचं दार उघडून उभे असायचे. तुझ्या हातातून डब्याची पिशवी घ्यायचे, तुला म्हणायचे, "आली?" आणि माझ्याकडे मान हलवून दार खाली सोडायचे. दार खाली येताना मला दाजींचे पाय तेवढे दिसायचे, मग तेही दिसेनासे व्हायचे. गाडीत बसून मी स्वतःला विचारायचे, या माणसाच्या बायकोचे उरलेले दिवस मी पळवून नेते आहे का? तुला कधी विचारलं नाही. तू हसली असतीस, आणि मला हसण्यावारी जाणारं उत्तर नको होतं.

मग तू यायची थांबलीस. तेव्हा फोन. पाळी संपली की मी पार्किंगमध्ये, हात भाजणाऱ्या स्टिअरिंगला रुमाल गुंडाळून, तुला लावायचे. तू नुसतं म्हणायचीस, "सांग." शेवटचा जो फोन झाला त्यात मी सांगितलं की त्या खोडकर टूलची गळती शेवटी सापडली, दाराच्या रबरी रिंगवर एक केस अडकला होता, त्यातून हवा जात होती.

"केस?" तुझा आवाज कागदासारखा झाला होता. "कोणाचा?"

"तुझा नाही एवढं नक्की. तुला आहेतच कुठे!"

तू हसलीस. इतकी हसलीस की खोकला आला, आणि फोन दाजींनी घेतला, आणि न बोलता ठेवला. मला वाटलं, झालं. आता हा माणूस मला कधी माफ करणार नाही.

तू गेलीस तेव्हा इथले आपले लोक दबक्या आवाजात म्हणाले, "सुटली." मी मोठ्याने म्हणते. सुटलीस, ताई. शेवटी शेवटी ज्या वेदना होत्या त्यांना संपण्यापलीकडे दुसरी वाट नव्हती, आणि त्या संपल्या याचं मला बरं वाटतं. लपवत नाही. तुझ्यासाठी मी हलकी झाले होते. स्वतःसाठी झाले नव्हते.

तर आज. पाळी संपली, पिशवी शेजारच्या सीटवर, जिथं तू बसायचीस तिथं. सवयीने तिला सीटबेल्टही लावला. तुझ्या घराशी आले तर गॅरेजचं दार उघडंच होतं आणि दाजी आत खुर्ची टाकून बसले होते, जणू तुझी यायची वेळ झालीच आहे. मी पिशवी दिली. त्यांनी बूट काढून पाहिले, झिजलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. शाल मांडीवर घेतली. मी ठरवून आले होते की देईन आणि निघेन. पण तोंडातून निघून गेलंच.

"दाजी, मी तिला नेत होते. तुमचा राग आहे का माझ्यावर?"

त्यांनी वर पाहिलं. "होता."

मी उभीच राहिले. पळून जावंसं वाटलं, पण गेले नाही.

"पहिले होता," ते म्हणाले. "मग मी पाहायले लागलो. दवाखान्यातून आणली की ही भिंतीकडं तोंड करून निजे. पाणी दे म्हटलं तर पाणी, नाही तर ते पण नाही. आणि तुझ्यासंगं आली की भांडे! भाजीत मीठ नाही म्हणे. टीव्ही बंद करा म्हणे. गॅरेजमध्ये झाडू मारला नाही म्हणे. पस्तीस वर्षं जी बायको होती माझी, ती." शालीची घडी ते उगाच पुन्हा घालत होते. "दवाखाना मला पेशंट द्यायचा. तू संध्याकाळी बायको आणून द्यायचीस."

"मग बोलत का नव्हता माझ्याशी?"

"कसा बोलू? ईशा एका बाजूला, तुम्ही दोघी दुसऱ्या. मी पण तुमच्याकडं आलो असतो तर पोरगी एकटी पडली असती ना. तिच्या बाजूनं कोणी पाहिजे होतं." मग शाल बाजूला ठेवून म्हणाले, "तो फोन मी घेतला तेव्हा तू काहीतरी केसांचं म्हणाली होती. दोन दिवस हसत होती ती. मला सांगेना काय ते. आता सांग."

सांगितलं. आधी ते हसले नाहीत. मग खांदे हलायला लागले, आणि डोळे पुसत म्हणाले, "फाजील आहेत दोघी." आहेत म्हणाले, ताई. होत्या नाही.

मग ते आत गेले, चहा टाकला, आणि तुझी बरणी उघडून तळाची चटणी बोटावर घेतली. "मीठ कमी आहे," असं म्हणून पुन्हा बोट घातलं. आम्ही दोघांनी मिळून बरणी चाटून पुसून संपवली. निघताना मला झाडाची लिंबं दिली, इतकी की ओढणीची झोळी करावी लागली. आणि गॅरेजचं दार मी गाडी काढेपर्यंत खाली सोडलं नाही.

ईशाचा फोन अजून आलेला नाही. येईल किंवा येणार नाही. तिच्या रागालाही जागा आहे, आणि तिच्या बाजूने तिचे वडील आहेत हे मला आता माहीत आहे. ती आली की तिला तुझे कामावरचे डोळे कसे दिसायचे ते सांगेन, ऐकायचं असेल तर.

आता कोपऱ्यावर गाडी थांबवली आहे. गाडीभर लिंबांचा वास आहे. सवयीने हात फोनकडे गेला आणि तिथंच राहिला. पलीकडून "सांग" म्हणणारं कुणी नाही, पण सांगायचं तर आहेच. उद्यापासून एक नवीन मुलगी आहे माझ्या पाळीवर, अकोल्याची, हातावर मेंदी घेऊन आली होती ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी. सूट काढताना तिच्या शेजारी मी बसेन आणि विचारेन. आपलं भांडण मिटलेलं नसलं तरी विचारेन. कुणीतरी विचारायले पाहिजे.

तर ताई, आजचं झालेलं. दाजींना विचारलं. जवळजवळ नाही, पूर्ण विचारलं.

झालं. जाते घरी.